आईसाठी फक्त बोलायला आणि मेसेजला फोन हवाय, कोणता घेऊ?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आई ७४ वर्षांच्या. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर एकट्या राहतात, तुम्ही पुण्यात. नातवाने दिलेला टचचा फोन त्यांना जमत नाही, हिरवं बटण वर सरकवायचं की बाजूला हे ठरेपर्यंत रिंग थांबते. उजव्या कानाला मशीन आहे. सिम जिओचं. तीन हजारांच्या आत, कॅमेरा-बिमेरा काही नको, पण बोलणं आणि मेसेज एकदम चोख हवेत.

मी सातारा जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी २००४ पासून मोबाइलविक्री आणि दुरुस्तीचं दुकान चालवतो. सुरुवातीच्या काळात माझ्या टेबलावर दहातले सात फोन नोकिया ११०० असायचे. अजूनही रोज दोन-चार माणसं तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येतात आणि पहिलाच शब्द असतो, "कुठल्या कंपनीचा घेऊ?" माझं म्हणणं असं की कंपनी सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी घरातली रेंज बघायची, मग कान, मग बोटं. या तीन गोष्टी जुळल्या की फोन आपोआप ठरतो.

रेंजपासूनच सुरू करतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. मागे डोंगरातल्या एका गावचे आजोबा "आवाज तुटतो" म्हणून वर्षभरात तीन फोन बदलून गेले. चौथ्यांदा आले तेव्हा मी फोन विकला नाही. त्याच बाजूला काम होतं, संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. फोन माजघरातल्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेला. दगडमातीची दोन हात जाडीची भिंत, एक खिडकी नाही. तोच फोन सोप्यावर, पूर्वेच्या खिडकीच्या चौकटीत ठेवला आणि माझ्या दुकानातल्या पोराला लावला, तर शब्द न् शब्द स्वच्छ. तिथे एक खिळा मारला, फोनला दोरी बांधून अडकवला. आजोबांचा तो तिसरा फोन अजून चालतो.

म्हणून गावी जाल तेव्हा आधी हे करा. तुमच्या फोनमध्ये आईंचं सिम घाला आणि शेजाऱ्यांकडे ज्या दुसऱ्या कंपनीची रेंज आहे त्यांचा फोन घटकाभर मागून घ्या. सोपा, माजघर, चूल, परडं, गोठा, प्रत्येक ठिकाणी उभं राहून दोन-दोन मिनिटं खरोखर बोला. नुसत्या दांड्या मोजू नका. चार दांड्या दिसूनही आवाज फाटतो आणि एक दांडी असूनही बोलणं नीट होतं, हे मी रोज पाहतो. पावसाळ्यातही एकदा बघा. टॉवरची लाइट जाते, बॅटऱ्या उतरतात, आणि उन्हाळ्यात धडधाकट चालणारं सिम जुलैत मुकं होतं. कोयनेच्या पावसाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार.

यातलं थोडं तांत्रिक सांगतो, कारण खोक्यावर ते लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून जास्त आत शिरतात. जिओची ८५० मेगाहर्ट्झची लहर म्हणजे बँड ५, बीएसएनएलच्या ४जीची ७०० मेगाहर्ट्झची लहर म्हणजे बँड २८, ९०० मेगाहर्ट्झ म्हणजे बँड ८. डोंगरातल्या घराला याच कामाच्या. १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे बँड ३ आणि ४०, गावठाणात टॉवरजवळ छान चालतात, घळीत गेलं की हरवतात. स्वस्त कीपॅड फोनांत सगळे बँड नसतात. तुमच्या आईंच्या सिमसाठी बँड ५ हवाच. पुढे कधी बीएसएनएल घ्यावं लागलं तर बँड २८ आहे का तेही आत्ताच बघून ठेवा. खोक्याच्या मागे नसेल तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत सापडतं.

आता जिओचा मुद्दा. बाजारात हजार-बाराशेला मिळणारा साधा २जी फोन तुमच्या कामाचा नाही. कमी चालेल असं नाही, चालणारच नाही. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच फक्त ४जीवर. त्यांच्याकडे २जी किंवा ३जी कधी नव्हतंच, कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो, त्यालाच व्होल्टी म्हणतात. दर आठवडी बाजाराला एखादी मावशी नवाकोरा फोन घेऊन येते, "सिम घेत न्हाई बघा ह्यो." दुकानदाराने विचारलेलं नसतं, तिने सांगितलेलं नसतं, आणि उघडलेलं खोकं परत घ्यायला तो तयार नसतो. खोक्यावर '४जी' आणि 'व्होल्टी' हे दोन्ही शब्द हवेत.

एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं सिम २जी फोनमध्ये चालतं. तरी त्या सिमवाल्यांनाही, माणूस कानाने मंद असेल तर, मी ४जी कीपॅडच देतो. कारण आवाज. जुन्या २जी कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ४जीवरच्या एचडी कॉलमध्ये ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो. स, श, फ, थ या अक्षरांचा बराचसा जीव ३४०० च्या वर असतो, आणि म्हातारपणी कान नेमका वरच्या बाजूनेच जातो. म्हणजे आधी कान ते अक्षर सोडतो, मग फोनही सोडतो. तुम्ही सांगता "साठ", आई ऐकतात "आठ". गोळी किती वाजता घ्यायची हे असल्या फोनवरून सांगू नये. एचडी आवाजासाठी दोन्ही टोकं ४जीवर हवीत, म्हणून तुमच्याही फोनमध्ये व्होल्टी चालू आहे ना बघा. वरच्या पट्टीत 'एचडी' किंवा 'व्होल्टी' अशी खूण दिसते.

कानाच्या मशीनचं वेगळं सांगतो, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. २जी फोन सलग लहर सोडत नाही, सेकंदाला सुमारे २१७ झटके देत बोलतो. रेडिओजवळ जुना फोन ठेवला की रिंग यायच्या आधी 'टर्र टर्र टक टक' ऐकू यायचं, आठवतं? तेच कानाच्या मशीनमध्ये थेट घुमतं. त्यात रेंज कमी असेल तर फोन टॉवरला गाठायला जोर वाढवतो. ९०० मेगाहर्ट्झवर २जी फोन क्षणभरासाठी २ वॉटपर्यंत जातो, ४जी फोनची कमाल असते साधारण ०.२ वॉट. म्हणून डोंगरातल्या घरात २जी फोन आणि कानाचं मशीन ही जोडी सगळ्यात वाईट. माझ्याकडे एक शिक्षक यायचे, निवृत्त. ते फोन आला की मशीन काढून ठेवायचे आणि मग काही ऐकू येत नाही म्हणून ओरडायचे. घरच्यांना वाटायचं स्वभाव चिडका झाला. ४जी कीपॅड हातात दिला, सिम तेच, माणूस तेच. पहिल्या कॉलला ते मशीन न काढता बोलले आणि हळू आवाजात बोलले. मुलगी पलीकडून विचारत होती, "बाबा, बरं आहे ना?"

आणखी एक. मशीन कानामागचं असेल तर त्याचा माइक कानाच्या वरच्या मागच्या बाजूला असतो. फोन कानाच्या भोकावर दाबायचा नाही, थोडा वर आणि मागे, मशीनजवळ धरायचा. आणि दुकानात जाताना आईंना मशीन लावूनच न्या. डेमो फोनवरून कॉल लावून त्यांच्याच कानाला द्या. तुम्ही ऐकून ठरवू नका.

आता बोटं. फोन हातात घेतल्यावर डोळे मिटून अंगठा फिरवून बघा. ५ च्या बटणावर उंचवटा लागतो का? दोन बटणांच्या मध्ये खाच आहे का, की सगळं सपाट पत्र्यासारखं आहे? हिरवं आणि लाल बटण मधल्या गोल बटणाला चिकटलेलं नको, चुकून कॉल कटतो. कॉलमध्ये असताना आवाज कसा वाढवायचा ते करून बघा. बऱ्याच कीपॅड फोनांना बाजूला आवाजाची बटणं नसतात, मधल्याच बटणाने वर-खाली होतं, आणि गालाने ते दाबलं जाऊन आवाज शून्यावर येतो. "फोन बिघडला" म्हणून आलेल्या कित्येक फोनांना मी फक्त आवाज वाढवून परत दिलंय. टॉर्चला वेगळं बटण असलं तर फार उत्तम. वाडीवर रात्री परड्यात जाताना मेन्यूत शिरून टॉर्च कोण शोधणार? बटण दाबल्यावर आकडा बोलून दाखवणारे फोनही मिळतात, नजर अधू असेल त्यांना ते वरदान आहे.

फ्लिपचा म्हणजे घडीचा फोन घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घडी उघडली की कॉल उचलला, मिटली की ठेवला, हे जुन्या माणसाला लगेच कळतं, आणि खिशात बटणं दाबली जात नाहीत. नोकिया २६६० फ्लिप यातला चांगला. ४जी आहे, बटणं मोठी, आणीबाणीचं वेगळं बटण आहे, कानाच्या मशीनचा विचार करून केलेला आहे. पण तो तुमच्या तीन हजारांच्या वर जातो, आणि घडीच्या फोनात बिजागरीतून जाणारी पट्टी दोन-तीन वर्षांनी तुटते हे मी टेबलावर बघतो. आईंच्या बोटांत ताठरपणा असेल तर उघडतानाच त्रास होतो. मशीनचा त्रास जास्त असेल तर पैसे थोडे वाढवून फ्लिप घ्या. नाहीतर सरळ पट्टीचा ४जी कीपॅड पुरे. नोकिया ११० ४जी, तसेच एचएमडी, लाव्हा, आयटेल यांचे ४जी कीपॅड तीन हजारांच्या आत बसतात. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून नावापेक्षा वर सांगितलेल्या खुणा धरून चला.

जिओभारत फोन सगळ्यात स्वस्त, २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला. कॉल चांगले होतात. मी तुमच्या आईंसाठी तो घेणार नाही, कारण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. उद्या वाडीजवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर झाला, किंवा जिओचा पावसात रडायला लागला, तर १९०० ला मेसेज करून नंबर पोर्ट करता येतो, पण फोन मात्र फेकावा लागतो. डोंगरातल्या माणसाने हात मोकळे ठेवावेत.

बॅटरी सुटी निघणारी बघा आणि दीड हजार एमएएचच्या आसपास. खोक्यावरचे दिवस गावात खरे होत नाहीत. रेंज कमी की फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि चार दिवस सांगितलेली बॅटरी दोन दिवसांत उतरते. चार्जिंगची पिन हा कीपॅड फोनचा सगळ्यात दुखरा भाग, उलटी घुसवली की संपली. दोन चार्जर घ्या, पिनची वरची बाजू आईंना बोटाला लागेल असा नेलपेंटचा ठिपका देऊन ठेवा.

बिल पक्कं घ्या. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर दिसतो, तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करून, जागा सोडून, तो १५ आकडी नंबर लिहा आणि १४४२२ ला मेसेज करा. फोन अस्सल आहे की काळ्या यादीतला, ते उलट मेसेजमध्ये येतं. दुकानदाराच्या समोरच करा, चांगला दुकानदार रागावत नाही.

मेसेजबद्दल लोक फार बेफिकीर असतात आणि मग अडतात. आज गॅसची टाकी द्यायला आलेला माणूस चार आकडी कोड मागतो, बँक, आधार, पेन्शन सगळ्यांचे कोड मेसेजवरच येतात. "कोड येतच नाही" म्हणून फोन घेऊन येतात, बघतो तर इनबॉक्स गच्च भरलेला. कंपनीच्या जाहिरातींनी. कीपॅड फोनात मेसेजची जागा ठरावीक असते, भरली की नवा मेसेज आत येत नाही आणि वर कोपऱ्यात एक लहानसं पाकीट नुसतं लुकलुकत राहतं. एका आजीची टाकी याच कारणाने दोनदा परत गेली होती. किती मेसेज मावतात हे घेताना विचारा, आणि मेसेज सिममध्ये नको, फोनच्या मेमरीत साठू द्या. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे कॉल-मेसेज अडवायची सोय चालू करा, जाहिराती बऱ्याच कमी होतात. दर महिन्याला गावी गेलात की इनबॉक्स रिकामा करा, तेवढं काम तुमच्याकडे घ्या.

मराठी मेसेज नीट दिसतो का, हेही दुकानात बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनात भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत असं आयएस १६३३३ हे मानक सांगतं, पण दिसणं आणि नीट दिसणं यात फरक असतो. तुमच्या फोनवरून 'ज्ञानेश्वर, श्री, तुमच्या, रात्री' एवढं पाठवा. जोडाक्षरं फुटलेली दिसली किंवा अक्षर मुंगीएवढं असलं तर तो फोन ठेवून द्या. आणि तुम्ही आईंना पाठवाल तेव्हा छोटं लिहा. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'महाराष्ट्र' हा एक शब्द दहा जागा खातो. लांब मेसेजचे तुकडे होतात, आणि कमी रेंजमध्ये एक तुकडा अडकला की बाकीचं अर्धवट दिसतं किंवा दिसतच नाही. "बुधवारी ११ ला येते. औषध आणते." एवढा मेसेज हमखास पोचतो.

फोन घेऊन झाला की तासभर बसून तो लावून द्या. सिम कापलेलं असेल आणि फोनला मोठं लागत असेल तर प्लॅस्टिकचा ॲडॉप्टर वापरू नका, काढताना फोनच्या आतले काटे तुटतात. सिम बदलून घ्या. नंबर सिममधून फोनमध्ये उतरवा, नावं मराठीत, आणि आई जशी हाक मारतात तशीच. 'संगीता पुणे' नको, 'ताई' हवं. स्पीड डायल २, ३, ४ ला लावा. ५ आणि ९ सोडून द्या. २०१६ च्या केंद्राच्या नियमानुसार कीपॅड फोनात ५ किंवा ९ दाबून धरलं की आणीबाणीच्या ११२ ला कॉल जायला हवा. कोणतं बटण ते त्या फोनच्या पुस्तिकेत असतं, आईंना दाखवून ठेवा, आणि उगाच दाबायचं नाही हेही सांगा. रिंगटोन जुन्या घंटीसारखी, जाड आवाजाची ठेवा. बारीक, किनरी धून वयस्कर कानाला दुसऱ्या खोलीतून येत नाही. अनोळखी नंबर अडवायची सोय असेल तर विचार करून लावा, कारण डॉक्टर, गॅसवाला, पोस्टमन हे अनोळखीच नंबर असतात.

कीपॅड फोन घेतला म्हणजे फसवणूक होत नाही असं मुळीच समजू नका. लिंकवर बोट पडून होणारं नुकसान टळतं, पण गोड बोलून कोड विचारणारा माणूस साध्या कॉलवरच येतो. फोनच्या पाठीवर चिकटपट्टीने एक कागद लावा, त्यावर मोठ्या अक्षरात: "कोड कुणालाही सांगायचा नाही. आधी ताईला फोन." पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन.

रिचार्जचं एवढंच की इंटरनेटचे पैसे भरू नका. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की फक्त कॉल आणि मेसेजचं, डेटाशिवायचं पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलंच पाहिजे, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचं. दुकानदार बहुतेक वेळा डेटावालंच पुढे करतो, तुम्ही मागून घ्या. वर्षाचं मारलं तर आईंना मध्येच "सेवा बंद" ऐकावं लागत नाही. मुदत संपायची तारीख तुमच्या फोनमध्ये लिहून ठेवा.

जुना टचचा फोन लगेच काढून घेऊ नका. नातवंडांचे फोटो त्यात आहेत, त्या दुपारी बघत असतील. सिम काढा, कपाटात राहू द्या.

आणि पहिले आठ दिवस रोज वेगळ्या वेळी फोन करा. एकदा सकाळी त्या चुलीशी असताना, एकदा दुपारी, एकदा रात्री नऊनंतर. किती रिंगांनंतर उचलला हे मोजा आणि कुठे बसून बोलताय ते विचारा. चौथ्या-पाचव्या रिंगपर्यंत उचलला जात नसेल तर फोन चुकीच्या जागी ठेवलेला आहे, खिळा दुसरीकडे मारा. आवाज आठही दिवस तुटत असेल तर फोन आणि बिल घेऊन दुकानात जा, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून तिथेच एकदा बोलून बघा. दोष फोनचा की रेंजचा, ते दोन मिनिटांत कळतं.